सेल घरात, दिवा अंगणात: टाकाऊ सामानातून सोलर दिवे

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी भागातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांना अंगणात, गोठ्यात आणि विहिरीच्या वाटेवर रात्रभर थोडा उजेड हवा आहे, कारण करंट गेला की सगळीकडे काळोख होतो. माळ्यावर लोणच्याच्या काचेच्या बरण्या, गेलेले एलईडी बल्ब, मुलाचा बंद पडलेला लॅपटॉप आणि बागेत खोचायचे मोडके सोलर दिवे पडून आहेत. यातून कमी खर्चात दिवे होतील का, आणि आमच्याकडच्या पावसात ते टिकतील का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, दिवे होतील आणि टिकतीलही. पण कुठली वस्तू अडगळीतली चालते आणि कुठे काटकसर अंगाशी येते, हे आधी नीट समजून घ्या. बरणी, ताटली, पाईप, बल्बची टोपी, वायर हे सगळं जुनं वापरा. सेल जुना घेतलात तर तो तपासल्याशिवाय लावू नका. आणि पाणी अडवायच्या कामात अजिबात हात आखडू नका. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या सोलर दिव्यांत पॅनेल खराब झालेलं क्वचितच असतं. सेल उन्हानं भाजून मेलेला असतो, नाहीतर आत शिरलेल्या पाण्यानं सांधे हिरवे पडलेले असतात. खानापूरच्या पश्चिमेला पाणी आणि अथणी-रायबागकडे ऊन, एवढाच काय तो फरक.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की बाजारातल्या दिव्यासारखं पॅनेल, सेल आणि एलईडी एकाच डब्यात कोंबू नका. कारखान्याला विकायला ते सोयीचं असतं, पण घरी करताना आपल्याला तशी सक्ती नाही. पॅनेल कौलांवर ठेवा, सेल सोप्यात वळचणीच्या आत सावलीत ठेवा आणि फक्त एलईडी बाहेर काढा. मधे साधी दोन तारांची वायर. इतक्या कमी करंटला वायरची लांबी आडवी येत नाही. अर्धा चौरस मिलिमीटरच्या वायरनं दहा मीटरवर दिवा नेला, तर जाऊन-येऊन वीस मीटर तांब्याचा रोध पाऊण ओहमसुद्धा होत नाही. आपला दिवा ४५-५० मिलीअँपिअर खाणार, म्हणजे वाटेत व्होल्टचा पंचविसावा भागही जात नाही. अंगणासाठी आणि गोठ्यासाठी हीच रचना करा. सगळं एकत्र असलेला स्वतंत्र दिवा फक्त विहिरीच्या वाटेसाठी ठेवा, जिथे वायर नेणं शक्य नाही.

सुरुवात मोडक्या बागेच्या दिव्यांपासून करा, कारण त्यांत सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त मिळतं. वरची टोपी उघडली की आत पेन्सिल सेलच्या आकाराचा १.२ व्होल्टचा रिचार्जेबल सेल, चार पायांची एक छोटी काळी आयसी आणि रेझिस्टरसारखी (करंट आवरणाऱ्या बारीक नळकांडीसारखी) दिसणारी हिरवट कॉइल दिसेल. पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टच्या आसपास लागतात आणि सेल तर सव्वा व्होल्टचाच. ती आयसी आणि कॉइल मिळून व्होल्टेज चढवतात, आणि पॅनेलकडून व्होल्टेज येणं थांबलं की अंधार झाला असं समजून दिवा लावतात. स्विच आणि सेन्सर, दोन्ही कामं तीच करते. असे दहा दिवे बंद पडले तर बहुतेकांत फक्त सेल गेलेला असतो. निकेल मेटल हायड्राइडचा, म्हणजे सेलवर ‘एनआयएमएच’ असं लिहिलेला, १.२ व्होल्टचा नवा सेल घाला. भिंतीवरच्या घड्याळाचा साधा सेल घालू नका. तो चार्ज व्हायला बनवलेलाच नसतो, फुटून गळतो आणि पत्र्या खाऊन टाकतो. पत्र्यांवर हिरवा किंवा पांढरा थर असेल तर व्हिनेगर लावलेल्या कापसानं पुसा, मग साध्या पाण्याच्या कापसानं पुसून नीट वाळू द्या आणि पॉलिश पेपर मारा.

या दिव्यांच्या पॅनेलवर पारदर्शक राळ ओतलेली असते. दोन उन्हाळ्यांत ती दुधाळ होते आणि ऊन आत जात नाही. पॅनेल फेकू नका. अगदी बारीक, हजार नंबरच्या पुढचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल गोल घासा, वरचा पांढरा थर निघाला की पुसून वाळवा आणि पारदर्शक वॉर्निशचा किंवा बिनरंगाच्या नेलपॉलिशचा एक पातळ हात द्या. घासलेला भाग कोरडा असताना आणखीच पांढरा दिसतो, तेव्हा घाबरू नका. वॉर्निश लागताच पॅनेलमधले काळेशार तुकडे पुन्हा दिसू लागतात. हेच दिवे विहिरीच्या वाटेला लावा. उजेड जेमतेम असतो, पण पाऊल कुठे टाकायचं ते दिसतं आणि वाटेला तेवढंच हवं.

आता लॅपटॉपची बॅटरी. हा भाग मी सावकाश सांगतो, कारण इथे घाई केली तर आग लागू शकते.

जुन्या जाड लॅपटॉपच्या बॅटरीत बहुधा सहा गोल सेल असतात. त्यांना १८६५० म्हणतात, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. बॅटरी मेली म्हणून सहाही सेल मेले असं नसतं. बऱ्याचदा एक जोडी जाते आणि तिच्यापायी सगळा डबा बंद पडतो. प्लॅस्टिक उघडताना स्क्रूड्रायव्हर आत खुपसू नका, सांध्यावर हळूहळू चालवा. हातातली अंगठी, बांगडी काढून ठेवा. या सेलचं सगळं अंग ऋण असतं, अगदी वरच्या धन टोकाच्या भोवतीची कडासुद्धा. मधे फक्त एक पातळ वॉशर आणि वरचं रंगीत वेष्टन असतं. वेष्टन फाटलेला सेल म्हणूनच वापरायचा नाही. सेलवर थेट सोल्डर करू नका, उष्णतेनं आतला पडदा खराब होतो. आधीच जोडलेल्या निकेलच्या पट्टीचं शेपूट राखून कापा आणि त्या शेपटाला वायर सोल्डर करा, नाहीतर सेलसाठी मिळणारा होल्डर वापरा.

मग व्होल्टेज मोजायचा मीटर लावा. तीन व्होल्टच्या वर असेल तर सेल पुढच्या परीक्षेला बसवा. दोन ते तीनच्या मधे असेल तर अगदी हळू चार्ज करून बघा. दोनच्या खाली गेलेला सेल बाजूला काढा. तो चार्ज झाल्यासारखा दाखवतो, पण आत तांबं विरघळून नको तिथे जमलेलं असू शकतं आणि पुढे कधीतरी शॉर्ट होतो. चार्जिंग (खाली सांगतोय त्या बोर्डानं) करताना सेल मातीच्या कुंडीत ठेवा. गवत, कपडे, बारदान यांच्यापासून लांब आणि तुम्ही जागे असताना. मधेमधे हात लावा. कोमट झाला तर ठीक, हाताला चटका बसला तर तो सेल बाद. ४.२ व्होल्टला पूर्ण भरला की काढून आठ दिवस काहीही न जोडता ठेवा आणि पुन्हा मोजा. ४.१ च्या आसपास टिकला तर तो तुमच्या अंगणातल्या दिव्याला पुष्कळ दिवस पुरेल. चारच्या खाली घसरला तर तो आतल्या आत गळतोय, त्याचा मोह सोडा. मोबाइलची फुगलेली बॅटरी तर कुठल्याच कामाची नाही. तिला टोचू नका, दाबू नका, उन्हात ठेवू नका.

नवा सेल घ्यायची ऐपत आणि तयारी असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटचा घ्या. रस्त्यावरच्या सोलर दिव्यांत ३२६५० नावाचा जाडजूड सेल येतो तो हाच. ३.२ व्होल्टचा असतो, उष्णता जास्त सोसतो आणि पेट घ्यायची भीती बरीच कमी. अथणी-रायबागकडच्यांना तर मी हाच घ्या म्हणेन. मात्र तो ३.६५ व्होल्टच्या वर चार्ज करायचा नसतो, त्यामुळे खाली सांगतोय तो चार्जिंगचा बोर्ड त्याला चालत नाही. त्यासाठी वेगळा मागून घ्यावा लागतो आणि एलईडीचे रेझिस्टरही बदलावे लागतात. दुकानदारानं "सगळं एकच आहे" म्हटलं तरी ऐकू नका.

लॅपटॉपच्या सेलसाठी टीपी ४०५६ नावाचा नखाएवढा बोर्ड मिळतो, सुमारे तीस-चाळीस रुपयांत. बेळगावात टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मागा. मागताना "प्रोटेक्शनवाला" म्हणा, म्हणजे ज्यावर बॅटरीच्या दोन टोकांशिवाय बाहेर जाणारी आणखी दोन टोकं असतात तो. सेल ४.२ व्होल्टला भरला की हा बोर्ड चार्जिंग थांबवतो आणि सेल फार उतरला किंवा वायर शॉर्ट झाली की दिव्याकडची बाजू तोडतो. हा बोर्ड मुळात एक अँपिअरनं चार्ज करायला बसवलेला असतो. जुन्या सेलला तो मारा जास्त आहे. बोर्डावर १२२ असं छापलेला एक इवलासा रेझिस्टर असतो, म्हणजे १.२ किलो-ओहम. तो काढून तिथे ३.९ किलो-ओहमचा लावला की करंट ३०० मिलीअँपिअरवर येतो. नजर आणि हात साथ देत नसतील तर गावातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराला सांगा, त्याचं ते रोजचं काम आहे.

पॅनेल ६ व्होल्ट, ३ वॅटचं घ्या. हे नवंच घ्यावं लागेल, साधारण दोन-अडीचशे रुपये धरा. जोडण्याआधी भर दुपारच्या उन्हात मोकळ्या पॅनेलचं व्होल्टेज मोजा. साडेसातच्या आत हवं, कारण त्या बोर्डाची सहनशक्ती आठ व्होल्टला संपते. फवारणीच्या पंपाचं किंवा घरच्या बॅटरीचं १२ व्होल्टचं पॅनेल त्याला लावलं तर बोर्ड त्याच क्षणी जातो.

तीनच वॅट का, आणि एक वॅट का नाही, याचा हिशेब करून दाखवतो. आपला दिवा तीन साध्या एलईडींचा. प्रत्येकी १५ मिलीअँपिअर धरलं तर ४५. रात्रीचे बारा तास धरले तर ५४० मिलीअँपिअर-तास झाले. लॅपटॉपचा जुना सेल दीड हजाराचा राहिला असेल, म्हणजे ऊन अजिबात न मिळता दोन रात्री निघतात. रोजचे ५४० परत भरायला गळतीसकट सहाशे हवेत. एक वॅटचं पॅनेल कडक उन्हात दीडशे-एकशे साठ देतं, म्हणजे त्याला चार तास कडक ऊन पाहिजे. नोव्हेंबर ते मे ते सहज मिळतं. आषाढात कुठून आणणार? तीन वॅटचं पॅनेल कडक उन्हात पाचशेच्या घरात देऊ शकतं, तेव्हा दिवसभराच्या ढगाळ उजेडातून सव्वा-दीड तासाच्या उन्हाइतकी ताकद गोळा झाली तरी रात्र निघते. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात झडीचे काही दिवस असे येतात की तेवढीही होत नाही. त्या दिवसांत दिवा पहाटे आधीच मंदावेल हे गृहीत धरा, किंवा तीनपैकी एक एलईडी सुटा करून ठेवा. निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडे तीन वॅटच्या एकाच पॅनेलवर सेल जोडीला लावून दोन दिवे चालतील. जोडी करायच्या आधी दोन्ही सेल ४.२ ला भरून एकाच व्होल्टेजवर आणा, मगच धनाला धन आणि ऋणाला ऋण जोडा.

एलईडीसाठी साधे गोल ५ मिलिमीटरचे पांढरे एलईडी घ्या, आणि प्रत्येकाला आपापला ४७ ओहमचा रेझिस्टर द्या. तिघांत मिळून एकच रेझिस्टर लावला तर ज्या एलईडीला कणभर कमी व्होल्टेज पुरतं तो जास्त करंट ओढतो आणि आधी मरतो. या रचनेत सेल उतरत गेला तसा उजेड आपोआप कमी होतो आणि सेल अगदी कोरडा पडत नाही.

गेलेल्या एलईडी बल्बचा उपयोग लोक विचारतात. आधी बल्ब होल्डरमधून काढलेला हवा, हे वेगळं सांगायला नको. पांढरी टोपी हातानं किंवा पातळ पात्यानं उचकटली की ॲल्युमिनियमच्या चकतीवर पिवळे मणी दिसतात. एखाद्या मण्यावर काळा ठिपका असतो, तोच जळालेला, आणि सगळे एका माळेत असल्यामुळे पूर्ण बल्ब गेला. बाकीचे मणी जिवंत असतात हे खरं, पण त्यांतले पुष्कळ ९ किंवा १८ व्होल्टचे असतात. आपल्या साडेतीन-चार व्होल्टला ते पेटणार नाहीत. तेव्हा त्या मण्यांच्या नादी लागू नका आणि टोपी मात्र जपून ठेवा. ती अस्सल वस्तू आहे. तीन उघड्या एलईडींचा डोळ्यांत टोचणारा उजेड त्या टोपीखाली पसरून शांत होतो आणि अंगणभर सारखा पडतो.

संध्याकाळी आपोआप लागायचं तर वेगळा सेन्सर विकत घेऊ नका. पॅनेल स्वतःच सेन्सर आहे. एक ८५५० ट्रान्झिस्टर लागतो, म्हणजे एमिटर, बेस आणि कलेक्टर अशा तीन पायांचा छोटा स्विच, आणि दोन रेझिस्टर. ट्रान्झिस्टरचा एमिटर बोर्डाच्या बाहेर जाणाऱ्या धन टोकाला, कलेक्टर एलईडींच्या रेझिस्टरांकडे, एलईडींची दुसरी बाजू बाहेर जाणाऱ्या ऋण टोकाला. बेसपासून १ किलो-ओहमचा रेझिस्टर पॅनेलच्या धन टोकाला, आणि पॅनेलच्याच धन-ऋण टोकांमधे ३.३ किलो-ओहमचा आडवा रेझिस्टर. दिवसा पॅनेलचं व्होल्टेज सेलपेक्षा वर असतं, ट्रान्झिस्टर बंद राहतो. सांज झाली की पॅनेल निपचित पडतं, तो आडवा रेझिस्टर बेसला खाली ओढतो आणि दिवा लागतो. हा आडवा रेझिस्टर बरेच जण गाळतात आणि मग दिवा रात्री नीट लागत नाही म्हणून पॅनेलला दोष देतात. अंधारात पॅनेलमधून करंट जायला वाटच नसते, ती वाट या रेझिस्टरनं करून द्यावी लागते. पायांचा क्रम मात्र घेताना विचारून घ्या, कंपनीप्रमाणे बदलतो.

आता बरणी. काचेच्याच बरणीचा आग्रह धरा. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या उन्हात वर्ष-दोन वर्षांत पिवळ्या पडून तडकतात, काचेला काही होत नाही. बरणी उलटी टांगायची, झाकण खाली. वर तोंड ठेवलं की झाकणाच्या आट्यांतून पाणी झिरपतंच, मग तुम्ही कितीही चिकटवा. झाकणात सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल चकती कापून बसवा. वायर झाकणातूनच आत न्या, आणि भोकाच्या आधी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल आणि भोकाकडे चढणार नाही. ही एक साधी सवय मी सगळ्या सीलंटच्या वर मानतो.

पूर्ण हवाबंद करायचा प्रयत्न करू नका. दिवसा आतली हवा तापून बाहेर पडते, रात्री गार होताना बाहेरची ओलसर हवा आत ओढली जाते आणि पहाटे काचेला आतून घाम सुटतो. त्या घामाला निघायला वाट नसेल तर तो आतच फिरत राहतो. झाकणात अगदी लहान भोक ठेवा आणि त्यावर मच्छरदाणीचा तुकडा चिकटवा, नाहीतर मुंग्या शिरतात आणि कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. चपलांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी आत टाका. गौरी-गणपतीच्या साफसफाईत ती तव्यावर मंद आचेवर पाच-दहा मिनिटं गरम केली की पुन्हा कामाला येते. पुडी कागदी किंवा प्लॅस्टिकची असेल तर खडे वाटीत काढून गरम करा.

सीलंट घेताना वास घ्या. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन न्हाणीघराच्या फरशीला ठीक आहे, पण वाळताना त्यातून आम्ल सुटतं आणि तांब्याचे सांधे खातं. ‘न्यूट्रल’ असं लिहिलेला मागा. हॉट ग्लू उन्हात मऊ पडतो, बाहेरच्या कामाला तो नको. सगळ्या सांध्यांना सोल्डर आणि त्यावर गरम करून आवळायची स्लीव्ह लावा. नुसत्या पिळलेल्या तारेवरची टेप एका पावसाळ्यात सुटते आणि तिच्याखाली पाणी साठतं.

बरणीवर स्टीलची जुनी ताटली उपडी बसवा. पाऊस अडतो आणि वर वाया जाणारा उजेड खाली फिरतो. याचा फरक लगेच जाणवतो, तेवढ्याच करंटमधे अंगण स्पष्ट जास्त उजळतं. ताटलीला भोक पाडाल तिथे रबरी वॉशर घाला. खांबाला पीव्हीसी पाईप किंवा मोडक्या डिश अँटेनाचा दांडा चालतो. पाईपचं वरचं तोंड बुचानं बंद करा, नाहीतर पाईप पाण्यानं भरतो.

पॅनेल कसं ठेवायचं यावर लोक "दक्षिणेला तोंड" एवढंच सांगतात. ते बरोबर आहे, पण आपल्याकडे एक बारकावा आहे. बेळगाव साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे ज्या महिन्यांत उन्हाची सर्वांत मारामार, नेमकं तेव्हा दक्षिणेला फार उभं केलेलं पॅनेल तोट्यात जातं. शिवाय ढगाळ दिवशी उजेड सगळ्या आभाळातून येतो, त्यामुळे जितकं आभाळ पॅनेलला दिसेल तितकं बरं. तेव्हा कल १५ अंशांच्या आसपासच ठेवा, एक फूट लांबीला वरची बाजू तीन इंच उचललेली. अगदी आडवं मात्र नको, पाणी आणि पाखरांची घाण वाहून गेली पाहिजे. आणि नारळाची एखादी झावळी किंवा डिशची सावली पॅनेलवर पडते का, ते सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघा. आतले सगळे तुकडे एका ओळीत जोडलेले असतात, एकावर सावली आली तरी सगळ्यांचा करंट अडतो. एवढीशी सावली आहे म्हणून सोडू नका. ऊसतोडीच्या हंगामात धुळीचा थर बसतो, तेव्हा आठवड्यातून एकदा सकाळी ओल्या फडक्यानं पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

गोठ्याचं वेगळं सांगतो. जनावरांच्या मुताचा तो झणझणीत वास म्हणजे अमोनिया, आणि तो तांब्या-पितळेला खातो. म्हणून गोठ्यात फक्त एलईडी असावा, बोर्ड आणि सेल कधीच नको. एलईडीचे सांधे स्लीव्हखाली पूर्ण झाका आणि दिवा म्हशीच्या शिंगांच्या वर, वैरणीपासून लांब बांधा. सेलचा डबा घरात लाकडी फळीवर ठेवण्याऐवजी भिंतीला, पोरांच्या हाताला लागणार नाही असा लावा.

पांढऱ्या एलईडींतही जमल्यास पिवळसर उजेडाचे, म्हणजे ‘वॉर्म व्हाइट’ घ्या. निळसर पांढऱ्या उजेडावर पावसाळी किडे जास्त झेपावतात, पिवळ्यावर कमी. किड्यांमागे बेडूक येतात, बेडकांमागे साप येतो, आणि आपल्या भागात फुरसं, घोणस, मण्यार तिन्ही आहेत. म्हणून दिवा उंबऱ्याच्या अगदी वर न लावता चार पावलं अंगणात, तुळशीपलीकडे लावा. घराकडून बघताना पायरी आणि वाट उजेडात राहते आणि किड्यांचा थवा दारापासून दूर. विहिरीच्या वाटेचे दिवे गुडघ्याच्या उंचीवर ठेवा, उंच लावलेल्या मंद दिव्यानं जमीन दिसत नाही. आणि विहिरीकडे जाताना हातात बॅटरी असू द्याच, हे दिवे तिच्या जागी नाहीत.

पाण्याच्या बाटलीचा दिवा दाखवणारे व्हिडिओही तुम्ही बघितले असतील. ब्राझीलमधल्या आल्फ्रेडो मोझर या मेकॅनिकनं २००२ च्या सुमारास ती युक्ती काढली. छपराला बसवलेली पाण्याची बाटली दिवसा आतल्या अंधाऱ्या खोलीत सूर्याचा उजेड पसरवते. तुमच्या धान्याच्या अंधाऱ्या खोलीला ती उत्तम आहे, रात्रीच्या अंगणाला तिचा काही उपयोग नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी बागेचे मोडके दिवे सेल बदलून वाटेला लावा, ते एका दुपारचं काम आहे. तोवर लॅपटॉपचे सेल काढून त्यांची आठ दिवसांची परीक्षा चालू द्या. त्यातून निघालेल्या सगळ्यांत चांगल्या सेलवर अंगणाचा एकच दिवा करा आणि तो पंधरा दिवस चालवून बघा. रोज पहाटे सेलचं व्होल्टेज एका वहीत लिहा. ३.६ च्या वर राहत असेल तर हिशेब जमलाय. रोज थोडं थोडं खाली सरकत असेल तर पॅनेलवर सावली आहे किंवा एलईडी जास्त झालेत. ते सुधारल्यावरच गोठ्याचा दुसरा दिवा करा. हे सगळं मृगाच्या आधी उरकलं तर बरं, कारण भिजलेल्या कौलांवर चढून पॅनेल बसवणं धोक्याचं आहे.

बाद केलेले सेल उकिरड्यात किंवा शेकोटीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी त्या बनवणाऱ्या आणि आणणाऱ्या कंपन्यांवर आहे. दोन्ही टोकांना टेप लावा, कोरड्या प्लॅस्टिकच्या डब्यात साठवा आणि बेळगावला जाल तेव्हा बॅटरीच्या दुकानात किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. टेप विसरू नका, पिशवीत दोन सेल एकमेकांना टेकले तरी ठिणगी पडते.